मोहोरबंद पाकीट

दत्तक हा शब्द उच्चारला की आपल्याकडे अजूनही आठवतो तो वारस. वंशाला दिवा हवा, म्हणून कुणाचा तरी मुलगा मांडीवर घ्यायचा, ही जुनी रीत. १९५६ च्या कायद्याने हिंदू घरात मुलगीही रीतसर दत्तक घेता येऊ लागली. पण माझ्या सासूबाईंच्या मनात तो कायदा काही उतरला नव्हता. न्यू जर्सीत राहणाऱ्या आम्ही उभयतांनी चीनमधून मुलगी आणायचे ठरवले, तेव्हा पुण्याहून फोनवर त्या एवढेच म्हणाल्या, "मीही येते. बघू दे तरी मला."

अशा रीतीने २००४ च्या दिवाळीत आम्ही तिघे चीनमधल्या ग्वांगझू शहरात होतो, आणि बरोबर होती चौदा महिन्यांची एक चिमुरडी!

चीनचा दत्तकाचा कायदा १९९२ साली अमलात आला आणि परदेशी पालकांना वाट मोकळी झाली. एका कुटुंबाला एकच मूल, हा तिथला तेव्हाचा सरकारी दंडक; मुलाची हौस मात्र अगदी आपल्यासारखी. त्यामुळे कुणाच्या दाराशी, कुठे रस्त्याकडेला ठेवलेल्या मुली हजारोंनी अनाथालयांत येत. आमची लेक जिआंगशी प्रांतातली. दत्तकाचे कागद तिथेच झाले होते. अनाथालयाची तीन हजार डॉलरची देणगीही कोऱ्या करकरीत नोटांत मोजून झाली होती. पण मूल अमेरिकेला न्यायचे, तर व्हिसा मिळायचा तो फक्त ग्वांगझूला. म्हणून शेवटचे काही दिवस सगळ्यांचा मुक्काम तिथे.

मुक्कामाची जागा म्हणजे पर्ल नदीतले शामियान हे बेट. एके काळी इंग्रज आणि फ्रेंच व्यापाऱ्यांची तिथे वसाहत होती. त्यांच्या जुन्या कोठ्या आणि वडाची झाडे अजून उभी आहेत. व्हाइट स्वान हॉटेलात पाहावे तिकडे गोरी जोडपी आणि त्यांच्या कडेवर चिनी मुली. दुकानदार मोठे हुशार! बाबागाडी फुकट वापरायला देत. परत करायला गेले की माणूस चार वस्तू घेतल्याशिवाय बाहेर पडत नसे. सासूबाईंची नऊवारी पाहून मात्र तेही बुचकळ्यात पडत.

वरवर सगळे सुरळीत होते. डॉक्टरांनी मुलीचे वजन केले, कान-डोळे तपासले, फॉर्म भरून झाले. पण एक गोष्ट मी कुणाजवळ बोलत नव्हते. मुलगी माझ्याकडे येत नव्हती. ह्यांच्या खांद्यावर ती निवांत झोपे. मी हात पुढे केला की मान फिरवून आकांत मांडी. चार वर्षे जिची वाट पाहिली, तिला माझा स्पर्शही नको होता. शेजारच्या टेबलावरच्या आया हसून पाहत, तेव्हा मला जमिनीने पोटात घ्यावे असे होई.

एका रात्री ती थांबेचना. मी न्हाणीघरात जाऊन रडून घेतले. बाहेर आले तो सासूबाई दारात उभ्या. म्हणाल्या, "अगं, तुझ्यावर नाही रडत ती. अनाथालयात हिला सांभाळणारी कुणी बाई असेल ना? ती सुटली हिची. माया लावता येते पोरीला, म्हणून तर रडते. आज तिच्यासाठी रडते, उद्या तुझ्यासाठी रडेल."

रक्ताच्या नात्याचा हिशेब मांडत आलेली बाई हे बोलली!

सकाळी न्याहारीला तांदळाची पातळ खीर येई, बिनसाखरेची. "ही तर आपली पेजच की!" असे म्हणून सासूबाईंनी वाटी माझ्या हाती दिली आणि ह्यांना नदीवर फिरायला पिटाळले. मुलीने बराच वेळ माझ्याकडे रोखून पाहिले. मग तोंड उघडले. वाटी संपली तेव्हा तिची चिमुकली मूठ माझ्या पदराला होती.

दुसऱ्या दिवशी वकिलातीच्या अधिकाऱ्यापुढे उजवा हात वर करून आम्ही शपथ घेतली, की दिलेली माहिती खरी आहे. हाती एक मोहोरबंद पाकीट आले. ते आपण फोडायचे नाही. अमेरिकेत उतरल्यावर तिथल्या अधिकाऱ्यानेच उघडायचे. २००१ पासून लागू झालेल्या कायद्यामुळे त्याच क्षणी मुलगी अमेरिकन नागरिक होणार होती. सासूबाई ते पाकीट उशाखाली घेऊन झोपल्या.

पुढे २००५ साली बातमी आली, की हुनान प्रांतात काही अनाथालयांना मुले विकली जात होती. आमच्या मुलीचा प्रांत वेगळा. तरीही त्या रात्री झोप लागली नाही. २०२४ साली चीनने, नात्यातल्या मुलांचा अपवाद ठेवून, परदेशी दत्तकाची दारे बंद केली. त्या वाटेने ऐंशी हजारांहून अधिक मुले एकट्या अमेरिकेत आली आहेत. आता मोठ्या झालेल्या ह्या मुली विचारतात, "आम्हाला कुणी, का सोडले?" आमचीही विचारते. आमच्याजवळ उत्तर नाही. आहे ते सारे, कुठे सापडली त्या जागेच्या नोंदीसकट, आम्ही तिच्या हवाली केले आहे. आईपण मिळाले म्हणून तिच्या पहिल्या आईचा विसर पडू द्यावा, हे आमच्या मनाला पटत नाही. आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला एक पणती त्या अनोळखी बाईच्या नावाने लागते. ती प्रथा सासूबाईंनी घातली.