कान तिखट कसे होतात?

अंध माणसाचे कान तिखट असतात, असे आपण सहज म्हणून जातो. देवाने डोळे नेले पण गळा दिला, हे त्याच समजुतीचे दुसरे रूप. हे बोलणे कौतुकाचे असले तरी त्यात एक धोका दडलेला आहे. कान आणि गळा आपोआपच मिळणार असतील, तर अंध मुलाला वेळेवर काही शिकवण्याची घाई कोण करणार? अमेरिकेतील गायक, पियानोवादक आणि गीतकार केन मेडेमा यांचा जीवनप्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

मेडेमा यांचा जन्म १९४३ चा, मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स शहरातला. ते जन्मापासून जवळजवळ अंध आहेत. उजेड आणि अंधार यांतला फरक त्यांना कळतो, मोठ्या वस्तूंच्या कडा अंधूक जाणवतात, पण त्यापलीकडे काही दिसत नाही. अंधत्व म्हणजे डोळ्यांसमोर पूर्ण काळोख, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात कायद्याने अंध ठरणाऱ्या अनेकांना अशी थोडीफार दृष्टी असते.

पाचव्या वर्षी मेडेमा पियानोवर बसू लागले. आठव्या वर्षी त्यांचे रीतसर शिक्षण सुरू झाले. त्यांना भेटलेल्या शिक्षकांनी दोन गोष्टी एकत्र केल्या. एकीकडे ब्रेल लिपीतील स्वरलेखनातून पाश्चात्य शास्त्रीय संगीत शिकवले. दुसरीकडे कानाने ऐकून वाजवायला आणि आयत्या वेळी नवे रचायलाही शिकवले.

ब्रेल स्वरलेखन हे प्रकरण समजून घेण्यासारखे आहे. ही पद्धत लुई ब्रेल यांनी स्वतः तयार केली. ते उत्तम ऑर्गनवादक होते. सहा टिंबांच्या त्याच चौकटीत त्यांनी सूर, काल आणि सप्तक बसवले. पण डोळस वादक समोरच्या कागदाकडे पाहत दोन्ही हातांनी वाजवू शकतो, तशी सोय इथे नाही. एका हाताची बोटे टिंबे वाचतात तेव्हा दुसरा हात वाजवतो. मग हातांची अदलाबदल होते. दोन्ही हातांचा भाग पाठ झाला की मगच ते एकत्र वाजवता येतात. म्हणजे अंध विद्यार्थी प्रत्येक रचना आधी पाठ करतो आणि मग वाजवतो. लोकांना जी दैवी स्मरणशक्ती वाटते, तिच्यामागे वर्षानुवर्षांचे असे पाठांतर असते.

आता मेंदूकडे वळू. डोळ्यांकडून येणाऱ्या संदेशांचा अर्थ लावणारा भाग डोक्याच्या मागच्या बाजूला असतो. डोळ्यांकडून काहीच आले नाही, तर हा भाग रिकामा पडून राहतो का? १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, लहानपणी अंधत्व आलेल्या व्यक्ती बोटांनी ब्रेल वाचतात तेव्हा त्यांच्या मेंदूतील हेच दृष्टिक्षेत्र काम करते. रिकाम्या खोलीत शेजाऱ्याने आपला संसार मांडावा, तसे ती जागा स्पर्श आणि ध्वनी वापरू लागतात.

२००४ मध्ये कॅनडातील संशोधकांनी सूर चढला की उतरला हे ओळखण्याची चाचणी घेतली. लहान वयात अंध झालेले लोक डोळस लोकांपेक्षा सरस ठरले. बदलाचा वेग दहापट वाढवला तरी त्यांना तो टिपता आला. मात्र मोठेपणी दृष्टी गेलेल्यांमध्ये हा फरक दिसला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात लहानपणापासून अंध असलेल्या २१ संगीतकारांपैकी १२ जणांना कोणताही आधारस्वर न घेता सूर अचूक ओळखता येत होता. डोळस संगीतकारांमध्ये हे प्रमाण बरेच कमी असते.

म्हणजे ‘तिखट कान’ ही निव्वळ कल्पना नाही. पण ही माणसे संगीत शिकलेली होती, हे विसरता येत नाही. मेंदू जागा मोकळी करून देतो, पण त्या जागेत काय भरायचे हे मुलाच्या वाट्याला आलेल्या अनुभवांवर ठरते. मेडेमा यांच्या वाट्याला पियानो, ब्रेल आणि चांगला शिक्षक आला.

पुढे ते मिशिगन स्टेट विद्यापीठात संगीत आणि संगीतोपचार शिकले. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत संगीताचा उपयोग दिसू लागला, तेव्हा १९४४ मध्ये या विषयाचा पहिला पदवी अभ्यासक्रम याच संस्थेत सुरू झाला होता. शिक्षणानंतर मेडेमा यांनी इंडियानातील फोर्ट वेन येथे आणि नंतर न्यू जर्सीतील एसेक्स काउंटीच्या मनोरुग्णालयात संगीतोपचारक म्हणून नोकरी केली.

१९७० च्या सुमारास ते स्वतःची गाणी लिहू लागले आणि १९७३ मध्ये, रुग्णालयातील नोकरीत असतानाच, त्यांची जाहीर कार्यक्रमांची आणि ध्वनिमुद्रणांची वाटचाल सुरू झाली. चर्चमधील पारंपरिक स्तोत्रांपेक्षा वेगळी, लोकप्रिय संगीताच्या अंगाने जाणारी ख्रिस्ती भक्तिगीते त्या काळात अमेरिकेत रुजत होती. मेडेमा त्या प्रवाहातले, पण त्यांची रीत निराळी. त्यांचे ‘मोझेस’ हे प्रसिद्ध गीत बायबलमधील मोशे आणि त्याची काठी यांची गोष्ट नाट्यमय ढंगाने सांगते. कार्यक्रमात ते एखाद्याचे भाषण किंवा श्रोत्याने सांगितलेला अनुभव ऐकतात आणि तिथल्या तिथे त्याचे गाणे रचून गातात. संगीतोपचाराचा गाभाही हाच आहे. समोरच्याचे आधी ऐकायचे, मग त्याला सुरांतून उत्तर द्यायचे.

आयत्या वेळी रचना करताना मेंदूत काय घडते, याचाही अभ्यास झाला आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सहा जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात खास कीबोर्ड देण्यात आला. पाठ केलेली धून सोडून ते मनाने वाजवू लागले, तेव्हा स्वतःवर पहारा ठेवणारा कपाळामागचा भाग शांत झाला आणि आत्माभिव्यक्तीशी संबंधित भाग जागा झाला. अर्थात, पहारा सैल सोडण्याआधी बोटांना वाट पाठ असावी लागते.

संगीतोपचाराबद्दल अवास्तव दावेही बरेच होतात, म्हणून पुरावा नेमका पाहायला हवा. २०१७ मध्ये स्किझोफ्रेनियासंबंधी १८ अभ्यासांचा, म्हणजे १,२१५ रुग्णांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. नेहमीच्या उपचारांना प्रशिक्षित उपचारकाच्या संगीतोपचाराची जोड दिल्यास रुग्णाची मनःस्थिती आणि लोकांत मिसळणे सुधारू शकते, असे त्यात दिसले. पुरेशी सत्रे झाली तरच हा फायदा मिळतो. नैराश्यासंबंधीच्या नऊ अभ्यासांतही अल्पकाळासाठी असाच लाभ आढळला. ‘जोड’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. गाणी ऐकून गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे.

पालकांनी यातून काय घ्यावे? बाळ तीन महिन्यांचे होऊनही चेहऱ्याकडे पाहत नसेल, हलत्या वस्तूमागे नजर फिरवत नसेल किंवा बाहुलीत पांढरी झाक दिसत असेल, तर लगेच नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी. वेळेवर उपचार झाले तर अशा अनेक बाळांची दृष्टी वाचते.

दृष्टी परत येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर अनेक घरांत नुसती वाट पाहणे सुरू होते. एक औषध, एक नवस, आणखी एक डॉक्टर, असे करता करता मेंदू सर्वात लवचीक असण्याची वर्षे निघून जातात. दुसरे मत जरूर घ्यावे, पण शिकवणे थांबवू नये. बाळाशी भरपूर बोलावे, प्रत्येक वस्तू हातात देऊन तिचे नाव सांगावे, त्याला घरभर फिरू द्यावे. पुढे ब्रेल, पांढरी काठी आणि शाळा. बेंचमार्क अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिला आहे. त्यासाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ते सरकारी रुग्णालयांतून मिळते आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. मूल पुढे गायक होईल की शिक्षक, की बँकेत नोकरी करेल, हे नंतर ठरेल. प्रमाणपत्राचा अर्ज मात्र या आठवड्यातच करावा.