थांबा असलेला रस्ता

फेब्रुवारीत शिरड शहापूरच्या थांब्यावर पहाटे उभे राहिले की आधी वास येतो, मग उजाडते. रात्रभर शेतात हळद शिजलेली असते. तिची ओलसर, उग्र वाफ थंडीत खाली बसते आणि रस्ताभर पसरते. औंढ्याकडून वसमतकडे जाणाऱ्या पहिल्या एसटीची वाट पाहत शाळा-कॉलेजची पोरे, दवाखान्याला निघालेले म्हातारे आणि आडत्याला दाखवायला चार हळकुंडे रुमालात बांधून घेतलेला एखादा शेतकरी तिथे उभा असतो. गाडी थांबते आणि कंडक्टर दोनदा घंटी मारतो. मिनिटभराचा हा थांबा म्हणजेच या गावाचे जगाशी असलेले नाते.

मराठवाड्यातील रस्त्यांवर लिहिताना आपण खड्डे मोजतो, निधीचे आकडे लिहितो, चौपदरीकरणाच्या तारखा विचारतो. ते सगळे आवश्यकच आहे. पण रस्ता कुठे थांबतो, हा प्रश्न मला त्याहून मोलाचा वाटतो. हिंगोलीहून औंढा नागनाथ, शिरड शहापूर आणि वसमत करत नांदेडला जाणारा रस्ता त्याच्या थांब्यांनी घडवला आहे. नवे महामार्ग दाराशी आलेले असताना हे थांबे एकदा नीट पाहून ठेवायला हवेत.

या भागात सार्वजनिक गाडीची सवय एसटीपेक्षा जुनी आहे. निजामाच्या राज्यात १९३२ च्या जून महिन्यात सरकारी बससेवा सुरू झाली. ती निजाम स्टेट रेल्वेची एक शाखा होती आणि आरंभी तिच्याकडे २७ गाड्या होत्या. आपली एसटी पुणे-नगर मार्गावर धावली ती १ जून १९४८ ला. तेव्हा मराठवाडा अजून निजामाकडेच होता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि मग इथल्या गाड्यांचे रंग आणि पाट्यांवरची अक्षरे बदलली. पूर्णेहून वसमत, हिंगोली, वाशिम करत अकोल्याला जाणारी रेल्वे २००८ मध्ये मीटरगेजची ब्रॉडगेज झाली. हिंगोलीच्या स्थानकाला आजही ‘हिंगोली डेक्कन’ म्हणतात. औंढा आणि शिरड मात्र रुळांपासून दूर राहिले. त्यांचा सगळा जीव रस्त्यावर.

हिंगोली हे या रस्त्याचे वरचे टोक. निजामी फौजेची इथली छावणी, दसऱ्याला लोटणारी गर्दी आणि अलीकडे संत नामदेव हळद मार्केट यार्ड, ही तिची ओळख. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा काढून हिंगोली जिल्हा केला गेला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे त्याचे पाच तालुके. त्या एका दिवसाने शिरडसारख्या गावांसाठी प्रवासाची दिशाच बदलली. जिल्ह्याच्या कचेरीचे काम असले की पूर्वी परभणी गाठावी लागे, आता हिंगोली. तहसीलला वर औंढ्याला जायचे, बाजाराला खाली वसमतला उतरायचे आणि दुखणे मोठे असेल तर थेट नांदेड. २०२४ मध्ये हिंगोलीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने नांदेडकडची ती वाट काहींसाठी तरी आखूड होईल, अशी आशा आहे. शिरडचा माणूस एका गावात राहतो, पण त्याचे घर चालते ते चार गावांवर.

दिशा फिरण्याची याहून जुनी गोष्ट औंढ्यात ऐकायला मिळते. नागनाथाचे मंदिर हेमाडपंती आहे. खालच्या भागावर काळ्या दगडातील मूर्तींचे पट्टे आहेत, वरचा भाग नंतरच्या काळातला आहे. पिंडीच्या दर्शनाला वाकून, अरुंद पायऱ्यांनी खाली उतरावे लागते. नामदेवांचे कीर्तन चालू असताना त्यांना मंदिरामागे जायला सांगितले गेले, तेव्हा देऊळच फिरले आणि देव नामदेवांसमोर आला, अशी कथा आहे. नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर इथेच भेटले असे परंपरा सांगते. नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे.

मंदिर फिरल्याची ही कथा शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबातही आहे, नामदेवांच्याच पदात. त्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. आणि ग्रंथाला गुरुपद मिळाले ते १७०८ मध्ये नांदेडला, गुरू गोविंदसिंगांच्या हातून. वसमतला दमदमा साहिब गुरुद्वारा आहे. नांदेडला पोहोचण्याआधी गुरूंचा मुक्काम तिथे होता, अशी शिखांची श्रद्धा आहे. म्हणजे नामदेवांचे गाव, त्यांच्या गुरूंचे ठिकाण आणि त्यांचे शब्द ज्या ग्रंथात गेले त्या ग्रंथाच्या गुरुगादीचे शहर एसटीच्या एका दिवसाच्या प्रवासात बसते. पंजाबातून आलेले भाविक नांदेडहून नर्सी-औंढ्याला येतात, तेव्हा फाट्यावरच्या हॉटेलवाल्याला त्यांचे नवल वाटत नाही. त्यांच्यापुढे तो आपला नेहमीचा चहा ठेवतो, थोडी साखर जास्त घालून.

औंढ्याहून वसमतकडे निघाले की शिरड शहापूर लागते. वाटसरूला ते लहान गाव वाटेल, पण देशभरातील दिगंबर जैन भाविकांना त्याचा पत्ता ठाऊक असतो. इथे एकोणिसावे तीर्थंकर भगवान मल्लिनाथ यांचे मंदिर आहे, ते अतिशय क्षेत्र, म्हणजे चमत्काराचे स्थान, मानले जाते. ही मूर्ती पूर्वी अर्धापूरला होती आणि तिथून शिरडला आणली गेली, असे परंपरा सांगते. अर्धापूर नांदेड जिल्ह्यात, केळीच्या मुलखात आहे. तिथून इथवरची वाट तेव्हा बैलगाडीचीच असणार. जवळच सारंगवाडीला सारंगस्वामींची यात्रा संक्रांतीच्या सुमारास भरते. हंगामातल्या झाडून साऱ्या भाज्या एकत्र शिजवून केलेली भाजी हाच तिथला महाप्रसाद. कुणी वांगी आणते, कुणी हरभऱ्याचा पाला, कुणी गाजरे. कढईत सगळ्यांची शेते एक होतात. औंढ्याचे ज्योतिर्लिंग, शिरडचे तीर्थंकर, सारंगस्वामींचा मठ, वसमतचा गुरुद्वारा आणि वारकरी संताचे गाव अशी पाच परंपरांची ठिकाणे इतक्या जवळ नांदतात, याचे श्रेय मी माणसांइतकेच रस्त्यालाही देतो. एकाच गाडीत, एकाच बाकावर बसून शेजारच्याचा देव परका वाटत नाही.

इथून पुढे जमीन बदलत जाते. पूर्णा नदीवरील येलदरी आणि सिद्धेश्वर या धरणांच्या कालव्यांचे पाणी वसमतच्या शिवारात आले आणि ज्वारी-कापसाच्या जोडीला ऊस, केळी, हळद उभी राहिली. आज वसमत म्हटले की हळद. २०२४ मध्ये ‘वसमत हळद’ला भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीच्या संशोधनासाठी बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचे केंद्रही वसमतला उभे राहत आहे.

हे पीक शेतकऱ्याच्या घरात जवळपास वर्षभर असते. मे-जूनमध्ये बेणे लागते, आणि जानेवारीत पाला पिवळा पडून वाळला की कापून काढणी सुरू होते. ओली हळद कुकरच्या ड्रममध्ये वाफेवर शिजवतात. शिजली की नाही ते काडी टोचून पाहायचे. मग ताडपत्रीवर, खळ्यावर, मिळेल तिथे पंधरा दिवस ऊन द्यायचे. वाळलेले हळकुंड मोडले की धातूवर टिचकी मारावी तसा खट्ट आवाज येतो, तो आला की पॉलिशच्या ड्रमात. पाच क्विंटल ओल्या हळदीतून वाळून हाती येते ती साधारण एक क्विंटल. पुढे कट्टे भरून बाजारात बीट, म्हणजे लिलाव, होते. रुमालात बांधून नेलेल्या चार हळकुंडांवर वर्षाचा हिशेब ठरतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमधला एखादा अवकाळी पाऊस या रस्त्यावरच्या प्रत्येक घराची झोप उडवतो. रात्री-अपरात्री ताडपत्र्या ओढायला सगळे घर धावते, लहान पोरांसकट.

वसमत तालुक्यातच कुरुंदा आहे. नरहर कुरुंदकर यांच्या आडनावातले गाव हेच. त्यांचा जन्म १९३२ चा, कळमनुरी तालुक्यातील नांदापूरचा. लहानपण या परिसरात गेले आणि पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवताना त्यांनी अवघ्या महाराष्ट्राला वाद घालायला शिकवले. इतिहास, संगीत, राज्यघटना, नाट्यशास्त्र असा कुठलाही विषय त्यांना परका नव्हता. १९८२ मध्ये पन्नाशीही न गाठता ते गेले. ज्ञान मोठ्या शहरातच घडते असे ज्यांना वाटते, त्यांनी नांदापूर-वसमत-नांदेड ही वाट एकदा नकाशावर बोटाने चालून पाहावी.

या भूमीचे एक दुखणेही सांगायला हवे. काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि भेगाळते. तिच्यावर नुसते डांबर टाकून रस्ता टिकत नाही. खाली मुरूम दाबून भरला नाही, बाजूने पाणी काढले नाही, की दोन पावसाळ्यांत रस्त्याला लाटा येतात. त्या लाटांवरून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री मागचा दिवा नसताना चालतात, आणि दुचाकीवरून घरी परतणारी तरुण पोरे त्यांवर आदळतात. गावोगावी अशा अपघातात पोर गमावलेली घरे आहेत. ट्रॉलीला लाल परावर्तक पट्टी लावायला फारसा खर्च येत नाही. तेवढे तरी प्रत्येक कारखान्याने आणि प्रत्येक ट्रॅक्टरमालकाने करावे, ही विनंती इथे हात जोडून करतो.

आता मोठ्या रस्त्यांकडे येऊ. अकोल्याहून वाशिम, हिंगोली, कळमनुरी, नांदेड, देगलूर करत तेलंगणात संगारेड्डीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ आणि परभणी-वसमत-नांदेडवरून निर्मलकडे जाणारा ६१ हे जिल्ह्याचे दोन मोठे मार्ग. १६१ वर वारंगा फाटा आहे. नागपूर-तुळजापूर मार्ग तिथे येऊन मिळतो. वारंगा हे गाव किती जणांनी पाहिले असेल सांगता येत नाही, पण फाट्याची गरम खिचडी खाल्ली नाही असा प्रवासी या भागात सापडणे कठीण. फाटा म्हणजे गावाने रस्त्याला भेटायला यायची जागा. सुरुवातीला एक चहाची टपरी, मग पंक्चरचे दुकान, मग कृषी सेवा केंद्र, झेरॉक्स, मेडिकल. काळीपिवळी आणि ऑटो तिथेच उभे राहतात. आत राहिलेल्या गावातल्या मुलीला कॉलेजला जाता येते ते फाट्यामुळे.

यापुढचे रस्ते वेगळ्या जातीचे आहेत. समृद्धी महामार्गाला जोडणारा जालना-नांदेड द्रुतगती मार्ग सुमारे १७९ किलोमीटरचा आहे. पवनार ते पत्रादेवी असा नियोजित शक्तिपीठ महामार्ग मूळ आराखड्यानुसार ८०२ किलोमीटरचा, बारा जिल्ह्यांतून जाणारा, आणि त्यात हिंगोलीही आहे. औंढ्याचा नागनाथ त्याने जोडला जाणार असे सांगितले जाते. बागायती जमिनी जाणार म्हणून अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला आहे. ज्याच्या तीन एकरांत पूर्णेचे पाणी आले आणि ज्याने त्यावर मुलीचे लग्न आणि मुलाचे शिक्षण केले, त्याचा विरोध समजून घ्यायला पंडित असावे लागत नाही. अशा मार्गांवर गाड्यांना चढ-उतार करता येतो तो ठरलेल्या ठिकाणीच. तिथे फाटा होत नाही आणि एसटीला हात दाखवून थांबवता येत नाही. गाव डोळ्यांसमोर असते, पण तिथे उतरता येत नाही.

याच औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये या लहरी प्रथमच टिपल्याची घोषणा झाली आणि त्याच महिन्यात केंद्राने या प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी मिळाली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात असतील आणि त्यांच्या लांबीतला प्रोटॉनहूनही कितीतरी सूक्ष्म फरक मोजला जाईल. यंत्र इतके नाजूक की जवळून जाणाऱ्या ट्रकची थरथरही त्याला त्रास देते, म्हणून जागा निवडताना शांतता मोजली गेली. ज्या मुलखाला आपण मागास म्हणत आलो, त्याची शांतता जगाच्या विज्ञानाला कामाची ठरली. वेधशाळेत येणाऱ्या शास्त्रज्ञाला आणि हळदीचा कट्टा घेऊन निघालेल्या शेतकऱ्याला रस्ता मात्र एकच लागणार आहे. तो दोघांनाही पुरेल असा करणे हे आपले काम.

म्हणून माझे मागणे लहान आहे. नवा रस्ता जिथे जिथे गावाच्या जवळून जाईल, तिथे ट्रॅक्टर आणि बैलगाडी सरळ उभी जाईल एवढ्या उंचीचा बोगदा असावा. प्रत्येक चढ-उताराच्या ठिकाणी एसटीला थांबायला जागा, सावलीचे छप्पर, पिण्याचे पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह असावे. स्थानिकांच्या टपऱ्यांसाठी आधीच गाळे राखावेत. जुना औंढा-वसमत रस्ता दुर्लक्षात टाकू नये, कारण शिरडची माणसे रोज त्याच्यावरूनच जाणार आहेत. या गोष्टी आराखड्यात आरंभीच धरल्या तर त्यांचा खर्च एकूण खर्चात जाणवतही नाही. नंतर मात्र त्या कधीच होत नाहीत.

संध्याकाळी वसमतहून परतणारी गाडी शिरडला थांबते. सकाळचा तो शेतकरी खाली उतरतो. रुमाल आता रिकामा असतो, खिशात आडत्याची पट्टी असते. पोरांसाठी घेतलेल्या भज्यांचा पुडा हातात गरम लागत असतो. तो रस्ता ओलांडून घराकडे चालू लागतो आणि मागे कंडक्टर दोनदा घंटी मारतो.