गेला तेवढा करंट परत आला का?

27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीचं पाणी चढलं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. असा पूर दरवर्षी येत नाही, पण इथल्या बांधकामांवर आणि वर्कशॉपमध्ये पावसाळाभर ओल असतेच. आणि ओल्या अंगाचं विजेशी गणित भयंकर आहे.

कोरडी कातडी विजेला बऱ्यापैकी अडवते. भिजल्यावर शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. 230 व्होल्टला हजाराने भागा: 230 मिलीअँपिअर! रात्री लावायचा जुना 15 वॅटचा झिरोचा बल्ब साधारण 65 मिलीअँपिअर घेतो. तेवढाच करंट हातातून शिरून छातीमार्गे पायातून उतरत राहिला, तर हृदय ठोके सोडून नुसतं थरथरू लागू शकतं. त्याहून कितीतरी कमी करंटनेही मूठ आवळते आणि हातातलं ड्रिल सुटत नाही.

मग एमसीबी का पडत नाही? तिची मर्यादा 16 अँपिअर, म्हणजे 16,000 मिलीअँपिअर. वायर जळू नये म्हणून ती असते. माणसासाठी असते ती 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी, आणि तिची युक्ती थक्क करणारी आहे.

फेज आणि न्यूट्रल दोन्ही तिच्यातल्या एकाच कड्यातून जातात. गेला तेवढाच करंट परत आला, तर दोघांचं चुंबकत्व एकमेकांना पुरतं खोडून टाकतं. त्यातला थोडा जरी कुणाच्या अंगातून जमिनीत गेला, तरी हिशोब चुकतो, कड्यावरच्या तिसऱ्या वेटोळ्यात वीज उमटते आणि तीच खटका पाडते. गळती 150 मिलीअँपिअर किंवा जास्त असेल, तर 0.04 सेकंदात वीज तुटलीच पाहिजे. हृदयाचा एक ठोका 0.8 सेकंदाचा!

मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आली, तर तिला जाणं-येणं सारखंच दिसतं आणि ती पडत नाही. म्हणून दुरुस्तीआधी मेन बंद करायचा, त्याला कुलूप लावायचं, टेस्टरने खात्री करायची. अर्थिंगही चोख हवं.

साइटवरच्या तात्पुरत्या बोर्डात प्लगऐवजी उघड्या वायरी काडीपेटीच्या काड्यांनी कोंबलेल्या दिसतात. त्या आधी काढा, प्लग लावा. मग आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण दाबा. ती पडली नाही, तर बदलेपर्यंत काँक्रीटचा व्हायब्रेटर सुरू करू नका, स्लॅब कितीही घाईचा असो.