स्टिरॉइड औषधांचे गुणदोष

मनुष्याच्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहानशी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. तिचे वजन अवघे काही ग्रॅम. परंतु तिच्या बाहेरील थरातून रक्तात मिसळणाऱ्या कॉर्टिसोल नामक स्रावावाचून देह तग धरू शकत नाही. या ग्रंथी निकामी झाल्या असता रोगी कसा क्षीण होत जातो, याचे वर्णन थॉमस अ‍ॅडिसन या इंग्रज वैद्याने १८५५ साली प्रसिद्ध केले.

पुढे अमेरिकेत केंडॉल यांनी व स्वित्झर्लंडमध्ये राइखस्टाइन यांनी या थरातील द्रव्ये निरनिराळी करून दाखविली. त्यांपैकी कॉर्टिझोन हे द्रव्य मेयो क्लिनिकमधील डॉ. हेंच यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीस टोचले. थोड्याच दिवसांत ती हिंडूफिरू लागली! या कार्याबद्दल तिघांना १९५० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु औषध थांबताच दुखणे उलटते, आणि ते फार दिवस दिल्यास नवीच दुखणी उद्भवतात, हेही लवकरच ध्यानी आले.

याचे कारण या औषधांच्या कार्यपद्धतीत आहे. गावात चोर शिरला असता जागल्या आरोळी ठोकतो व माणसे लाठ्या घेऊन धावतात. तद्वत शरीरात जंतू शिरले की रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावतात व ती जागा लाल होऊन सुजते. क्वचित ही फौज घरच्या किंवा निरुपद्रवी माणसांनाच चोर समजून झोडपू लागते. संधिवात व दमा हे असलेच विकार होत. स्टिरॉइड पेशीच्या गाभ्यात शिरून ही आरोळीच बंद पाडते. सूज उतरते, श्वास मोकळा होतो. मात्र रोगाचे मूळ बहुधा जागच्या जागी राहते. शिवाय जागल्या मुका झाला म्हणजे खऱ्या चोरासही रान मोकळे मिळते. देहात सुप्त असलेला क्षय अशा वेळी पुन्हा डोके वर काढू शकतो.

ब्रिटनमध्ये २०२० साली झालेल्या कोविडविषयक मोठ्या चाचणीत या दोन्ही बाजू दिसून आल्या. रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिल्याने श्वसनयंत्रावरील रोग्यांतील मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले; ज्यांस प्राणवायूची गरज नव्हती, त्यांस काहीच लाभ झाला नाही. तरीही २०२१ च्या लाटेत आपल्याकडे हे औषध पुष्कळदा गरजेवाचून व अधिक मात्रेत दिले गेले. त्याने रक्तातील साखर चढली, आणि विशेषतः मधुमेही रोग्यांत काळ्या बुरशीस वाव मिळाला.

दीर्घकाळ गोळ्या घेतल्यास चेहरा वाटोळा होतो, रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो व मुलांची वाढ खुंटू शकते. दम्याच्या फवाऱ्यात मात्र औषध अत्यल्प असून ते थेट श्वासनलिकेत पोचते. म्हणून त्याची धास्ती बाळगू नये. फवारा घेतल्यावर खळखळून चूळ भरावी, म्हणजे तोंडात बुरशी होत नाही. मलमाची गोष्ट निराळी. गोरेपणासाठी किंवा नायट्यावर परस्पर आणून लावलेल्या स्टिरॉइड मलमाने कातडी पातळ होते आणि नायटा आतल्या आत पसरतो.

सर्वांत मोठा धोका औषध एकाएकी सोडण्यात आहे. घरी रोज आयते पीठ येऊ लागले की जाते कोनाड्यात पडून राहते. त्याचप्रमाणे काही आठवडे बाहेरून स्टिरॉइड मिळाले की अधिवृक्क ग्रंथी आपले काम थांबविते. अशा वेळी ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी एकदम बंद केल्यास आयते पीठही नाही आणि जातेही फिरत नाही, अशी अवस्था होते. गळून गेल्यासारखे होणे, वांत्या, रक्तदाब घसरणे ही त्याची लक्षणे. वेळीच उपचार न झाल्यास प्राणावरही बेतते. म्हणून मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने पायरीपायरीने उतरवावी लागते. मोठा ताप, अपघात किंवा शस्त्रक्रिया यांच्या वेळी देहास हा स्राव अधिक लागतो. यास्तव अशा रोग्याने आपण ही गोळी घेत असल्याचे डॉक्टरांस आधी सांगावे, आणि तशी चिठ्ठी जवळ बाळगावी.

वैद्याच्या देखरेखीखाली याच औषधाने आज असंख्य रोगी चालतेबोलते आहेत. शेजाऱ्यास गुण आला म्हणून त्याची चिठ्ठी दाखवून आणलेली गोळी मात्र कोणीही घेऊ नये, आणि चालू असलेली गोळी मनाने सोडू नये.