एक कोयता, दोन माणसे



गळीत हंगामाचा विषय निघाला की आपण टनेज, उतारा आणि भाव यांवर तावातावाने बोलतो. ऊस तोडला कोणी, हा हिशेब मात्र आपल्या वहीत क्वचितच येतो.

बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, धारूर, शेजारचा पाथर्डी तालुका, हा सारा अवर्षणाचा टापू. तिथली कुटुंबे दसरा-दिवाळीला घराला कुलूप लावून निघतात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. ती तोडलेल्या टनावर फेडायची. नाही फिटली तर बाकी पुढच्या सालाला अंगावर. हंगाम संपतो, कोयता काही सुटत नाही.

हा कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. एकटा आला तर अर्धा. काम दोघांचे, उचल आणि हिशेब बहुधा नवऱ्याच्या नावे. बाई पहाटे उठून भाकऱ्या थापते, दिवसभर फडात मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढते. एक दिवस कोपीत पडून राहिली तर खाडा, आणि खाड्याचा दंड. मग दुखणे अंगावरच काढायचे. २०१९ साली हा प्रश्न विधिमंडळात गाजला. शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले.

काहीच झाले नाही असे नाही. २०२१ मध्ये या मुलांसाठी संत भगवान बाबा वसतिगृह योजना आली. तिच्यासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचे ठरले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीदरात ३४ टक्के वाढ ठरली. पण करार कारखान्याचा मुकादमाशी वा वाहनमालकाशी. मजुराचे नाव आपल्या हजेरीपटावर नाहीच. मग फंड कुठला अन् बाळंतपणाची रजा कुठली!

आपण म्हणतो, टोळीवाले खुशाली मागतात, गाडीवाले अडवून धरतात. तक्रार खरी आहे, तिचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण फडावर प्यायचे पाणी, कोपीजवळ बायांसाठी आडोसा आणि दिवा, पोरांना गावच्या शाळेत बसवून घेणे, एवढे तर आपल्या हातचे आहे की नाही? कोयत्याच्या नोंदीत बाईचेही नाव यावे आणि गरोदर बाईच्या खाड्याला दंड नसावा, हे आपण वार्षिक सभेत मांडू शकतो.

१९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी कारखाना उभा केला, तो लहान शेतकऱ्याला कुणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून. आपण त्यातून वर आलो. आपला ऊस डोक्यावर वाहणारी बाई अजून उचलीखालीच आहे. येत्या सभेला येताना एवढे ध्यानात असू द्या.