डावा हात आणि झड

बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली की नागपूरकर मनात दिवस मोजू लागतो. पट्टा कसला, तो असतो शेकडो किलोमीटर रुंद भोवरा, घड्याळाच्या उलट फिरणारा. पुरीहून नागपूर साधारण सातशे किलोमीटर, आणि हा येतो ताशी दहा-पंधराने, सायकलवाल्याच्या चालीने. दोन-तीन दिवसांत झड लागते.

नवल त्याच्या दिशेचं आहे. पावसाळ्यात खालचा वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो आणि हे महाशय चालतात नेमके उलटे! एक जुनं स्पष्टीकरण असं की भोवऱ्याच्या नैर्ऋत्येला पाऊस सर्वांत जोरात पडतो, तिथली हवा वर उसळते आणि भोवरा त्याच बाजूला नव्याने वळत जातो. म्हणजे पाऊसच त्याला पुढे ओढतो. केंद्र छत्तीसगडवर असलं की ती नैर्ऋत्य बाजू म्हणजे आपला विदर्भ.

काहींचं मूळ तर बंगालच्या उपसागरातही नसतं. प्रशांत महासागरातलं टायफून व्हिएतनाम-थायलंडवर विरतं, उरलेली गिरकी म्यानमार ओलांडून उपसागरात उतरते आणि पुन्हा बाळसं धरते. २०२१चं ‘गुलाब’ चक्रीवादळ उलट आपल्याकडून पुढे गेलं. २६ सप्टेंबरला कलिंगपट्टणमजवळ ते किनाऱ्यावर चढलं, तेलंगणातून मराठवाडा-विदर्भाला झोडपत अरबी समुद्रात पोचलं. वाटेत चक्रीवादळपण गळालं होतं, म्हणून समुद्रावर नवं बारसं झालं: ‘शाहीन’. ३ ऑक्टोबरला ते ओमानवर धडकलं. वाळवंटात विदर्भाच्या वाटेने आलेला पाऊस!

नागपुरात सोनेगावच्या हवामान केंद्रात भोवरा कुठे आहे ते बघायला रडार आहे, आकाशात सोडायचे फुगे आहेत. आपल्याला गच्ची पुरते. १८५७मध्ये बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने सांगितलेला नियम आहे: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, कमी दाब डाव्या हाताला. इमारती वारा फसवतात, म्हणून खालच्या ढगांची धाव बघावी.

वायव्येकडून येणाऱ्या ढगांकडे पाठ करून डावा हात पसरला, तर तो साधारण बिलासपूरकडे जातो. दुसऱ्या दिवशी वारा पश्चिमेचा होतो, हात जबलपूरकडे सरकतो. ढग नैर्ऋत्येकडून धावू लागले आणि हात भोपाळकडे वळला, की आईला सांगायचं: कपडे बाहेर वाळत टाकायला हरकत नाही.