वेष पालटलेला नायटा

चेन्नई हे समुद्रकाठचे शहर. तेथील हवा बहुतेक वर्षभर उष्ण व दमट असते. घामाने ओली राहणारी जांघ नायट्याच्या बुरशीस फार मानवते. अशा वेळी पुष्कळ लोक दुकानातून मिश्र मलम आणतात. त्यातील एक द्रव्य बुरशीची वाढ रोखते. दुसरे, म्हणजे स्टिरॉइड, खाज व लाली शमविते. दोन दिवसांत आराम पडतो, आणि फसगत होते ती येथेच. लाली हे शरीराने बुरशीशी मांडलेल्या झुंजीचे चिन्ह होय; स्टिरॉइड ती झुंजच मंदावते. नायट्याची ओळखीची कडा पुसट होते, बुरशी मात्र पसरत राहते. आइव्ह व मार्क्स यांनी १९६८ साली या रूपास ‘टिनिया इन्कॉग्निटो’ असे समर्पक नाव दिले. क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टिरॉइड जांघेत दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होऊन तीवर कायमचे पट्टे उमटतात. २०१८ मध्ये भारत सरकारने अनेक स्टिरॉइड मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच व्हावी असा नियम केला. मिश्र मलम डॉक्टरांनी दिलेच, तर सांगितले तितकेच दिवस लावावे. चेहऱ्यास लावू नये, शेजाऱ्याचे उसने तर नकोच. पुढे केवळ बुरशीनाशक औषध काही आठवडे चालू ठेवावे लागते. निदानाची शंका असल्यास कडेचा कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीचे तंतू असल्यास तेथे दिसतात.